मावळातील देवगांडूळ व जमिनीतील लहान वन्य प्राण्यांची पाहणी

पावसाळ्याच्या तोंडी मावळ तालुक्यात भातखाचरांच्या बांधांची डागडुजी, उकिरड्यातील खताची उपसणी, पुढे चिखलणी अशी कामे एकामागून एक निघतात. अशा वेळी कुदळीच्या घावाबरोबर ओल्या मातीतून कधी कधी सुमारे वीतभर लांबीचा, गुळगुळीत, अंगावर वळ्या असलेला एक प्राणी वळवळत बाहेर येतो. त्यास गांडूळ म्हणावे तर तो अधिक जाड व चपळ असतो. साप म्हणावे तर अंगावर खवले दिसत नाहीत. बहुधा ‘दुतोंड्या’ म्हणून त्यावर कुदळीचा दुसरा घाव पडतो आणि ते प्रकरण तेथेच संपते.

हा प्राणी सापही नव्हे आणि गांडूळही नव्हे. तो बेडकाच्या वर्गातील, म्हणजे उभयचर वर्गातील, पाय नसलेला व बहुतेक आयुष्य जमिनीखाली काढणारा प्राणी असून मराठीत त्यास देवगांडूळ असे नाव आहे. त्यास विष नाही, तो पिकाची मुळे खात नाही आणि जनावरांस त्याची बाधा होत नाही. जगात देवगांडुळांच्या दोनशेहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी सुमारे ४० भारतात आहेत. भारतातील बऱ्याचशा जातींचे घर म्हणजे सह्याद्री व त्याच्या दक्षिणेकडील पर्वतांचा ओला पट्टा होय.

मावळच्या शेतकऱ्यास या प्राण्याविषयी विशेष आस्था वाटावयास हवी, कारण यांपैकी एका जातीचे शास्त्रीय जन्मस्थान त्याच्याच तालुक्यात आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी १९६० साली खंडाळा येथील नमुन्यांवरून एका नव्या देवगांडुळाचे वर्णन केले व ब्रिटिश म्युझियममधील शास्त्रज्ञ बॅटर्सबी यांच्या नावावरून त्यास ‘इंडोटिफ्लस बॅटर्सबाय’ असे नाव दिले. ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून एखादी जात प्रथम ओळखली जाते, ते ठिकाण त्या जातीच्या संदर्भात कायमचे नोंदले जाते. पुढे दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात तसाच प्राणी सापडला आणि तो तोच की निराळा असा प्रश्न पडला, तर तुलना खंडाळ्याच्या नमुन्याशी करावी लागते. लोणावळा-खंडाळा हे नाव चिक्कीसाठी व थंड हवेसाठी देशभर माहीत आहे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत ते या मातीतल्या प्राण्यामुळेही गेले आहे, ही गोष्ट खुद्द तालुक्यात फारच थोड्यांना ठाऊक असेल.

टेलर यांनी १९६८ साली जगातील सर्व देवगांडुळांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्यांचे बरेचसे काम संग्रहालयांतील बाटल्यांत ठेवलेल्या मृत नमुन्यांवर झाले होते. जिवंत प्राणी कोणत्या मातीत राहतो, किती खोल असतो, काय खातो, पिले केव्हा होतात, हे बाटलीवरून समजत नाही. ते समजण्यासाठी कुदळ घेऊन पावसात उतरावे लागते. महाराष्ट्रात या कामास एकविसाव्या शतकाच्या आरंभी गती आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वरद गिरी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड गोवर व मार्क विल्किन्सन यांनी २००३ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथून एक आणि २००४ साली सातारा जिल्ह्यातील कोयनेजवळच्या हुंबर्ली येथून एक अशा दोन नव्या जातींचे वर्णन केले. २००३ मध्येच रत्नागिरी जिल्ह्यातील दोर्ले गावाच्या नमुन्यावरून आणखी एक जात नोंदली गेली. ‘गेगेनोफिस शेषाचारी’ असे नाव असलेली ही जात अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते, असे २००८ साली सिद्ध झाले. आशिया खंडातील कोणत्याही उभयचराविषयी अशी खात्रीची माहिती मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ज्या प्राण्यास शेतकरी पिढ्यान् पिढ्या कुदळीने बाजूस सारीत आला, त्याच्याबद्दल एवढी मूलभूत गोष्ट कळावयास २००८ साल उजाडावे लागले.

ओळख

पाहणीची पहिली पायरी म्हणजे बिनचूक ओळख. कुदळीपुढे येणाऱ्या लांबट प्राण्यांत मावळात प्रामुख्याने पाच प्रकार आढळतात व त्यांची नेहमी गफलत होते. गांडुळास हाडे नसतात व जबडा नसतो. वाढ झालेल्या गांडुळाच्या अंगावर एके ठिकाणी फिकट, जाडसर पट्टा असतो. वाळा हा सुतळीएवढा बारीक साप आहे. त्याचे अंग काळसर व चकचकीत असून जवळून पाहिल्यास बारीक खवले स्पष्ट दिसतात आणि शेपटीच्या टोकास लहानसा काटा असतो. खापरखवल्या हाही बिनविषारी सापच. त्याची शेपटी तिरकस कापल्यासारखी व टोकाशी खरखरीत असते. मांडूळ बरेच जाड, खवलेदार व बोथट शेपटीचे असते.

देवगांडुळाचे अंग मात्र ओले व बुळबुळीत लागते. बाहेरून खवले दिसत नाहीत. सबंध अंगभर अंगठ्या घातल्यासारख्या वळ्या असतात. शेपूट जवळजवळ नसतेच, त्यामुळे दोन्ही टोके सारखी भासतात व ‘दुतोंड्या’ हे नाव पडते. डोळे अगदी लहान व त्वचेखाली झाकलेले असतात. डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका असते. ती आतबाहेर करून प्राणी अंधारात वास व स्पर्श यांच्या साहाय्याने मार्ग काढतो. जबडा मजबूत असून त्यात दात असतात. या दातांनी तो गांडुळे, वाळवी, मुंग्या व मातीतील किड्यांच्या अळ्या पकडतो.

गांडुळे खातो म्हणून त्यास शेतीचा शत्रू ठरविण्याची घाई कोणी करू नये. ज्या मातीत देवगांडूळ टिकते, तेथे त्यास पुरून उरतील एवढी गांडुळे असतातच. किंबहुना त्याचे असणे ही माती जिवंत असल्याची खूण समजण्यास हरकत नाही. उलट, वाळवी खातो म्हणून तो वाळवीचा बंदोबस्त करील, असेही सांगणे अतिशयोक्तीचे होईल. त्याच्या बिळांमुळे माती पोकळ राहते व पाणी मुरते, एवढे मात्र निश्चित.

मांडुळाविषयी येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुप्तधन व औषधी गुण यांच्या भाकडकथांमुळे महाराष्ट्रात मांडुळांची चोरटी खरेदी-विक्री होते आणि तिच्यात सापडलेल्यांवर खटले भरले जातात. देवगांडुळास मांडुळाचे पिलू समजून कोणी ते विकत मागू लागल्यास त्याची खबर सरळ वनखात्यास द्यावी.

पाहणीची पद्धत

‘आमच्या बांधात हा प्राणी असतो’ एवढ्या सांगण्याने संशोधकास दिशा मिळते, पण ती पाहणी नव्हे. कोठे, केव्हा, किती जागा खणल्यावर किती मिळाले, हे सांगता आले तरच दुसऱ्या गावाशी किंवा पुढच्या वर्षाशी तुलना होऊ शकते.

जागेची निवड हा यातील कळीचा भाग आहे. ग्रामकार्यकर्त्यांस पीक कापणी प्रयोग परिचित असतात. त्यांत चांगले पीक पाहून चौकोन आखीत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, स्वतःची आवड-निवड न चालविता जागा ठरवितात. तसे न केल्यास गावाचे उत्पन्न फुगून दिसते. देवगांडुळांच्या पाहणीतही हाच नियम लागू आहे. ओलसर, खतावलेली जागा पाहून तेवढीच खणली, तर प्राणी भरपूर आहेत असा चुकीचा समज होईल. म्हणून बांध, खाचराचा कोपरा, उकिरड्याची कड, परसातील केळीचे बुडखे, झाडीची कड, ओढ्याकाठ, माळ असे जागांचे प्रकार आधी पाडावयाचे आणि प्रत्येक प्रकारातून ठरावीक मापाचे चौकोन चिठ्ठ्यांनी निवडावयाचे. सर्व चौकोनांचे माप व खणण्याची खोली सारखीच ठेवावी लागते. चौकोन आखणे शक्य नसेल तेथे वेळेचे माप धरतात. तीन माणसांनी दोन तास खणले तर सहा मनुष्य-तास झाले. सहा तासांत दोन प्राणी मिळाले, असे नोंदवितात.

खणताना कुदळ उभी जोराने मारू नये. मातीचा थर बाजूने उकरून, हाताने फोडून पाहावा. टोकदार पहारीपेक्षा बोथट पात्याचे हत्यार बरे, कारण जखमी झालेला प्राणी नोंदीस उपयोगी पडला तरी जगत नाही. दगड उलटून पाहिला तर तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवावा. त्याखालचा ओलावा हेच कित्येक प्राण्यांचे घर असते. खड्डा लगेच बुजवावा. बांध खणावयाचा असेल तर शेतकऱ्याची संमती आधी घ्यावी आणि पाणी फुटणार नाही अशा रीतीने तो पुन्हा चोपून द्यावा. संशोधनाच्या नावाखाली एखाद्याचे खाचर वाहून गेले, तर त्या गावात पुन्हा कोणी संशोधकास उभे करणार नाही.

या कामाचा हंगाम पावसाळा हाच आहे. लोणावळ्यास वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटरपर्यंत, कित्येक वर्षी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पूर्वेस वडगाव-तळेगावकडे येताना तो झपाट्याने कमी होतो. तीस-पस्तीस किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक पडत असल्याने मावळ ही अशा पाहणीसाठी जणू तयार प्रयोगशाळाच आहे. घाटमाथ्यावरील खंडाळा, नाणे मावळातील व आंदर मावळातील खोरी, पवनेचे खोरे आणि पूर्वेची उघडी माळराने अशा क्रमाने जागा निवडल्या तर पावसाचे मान घटते तसे मातीतील प्राणी कसे बदलतात हे दिसून येते. उन्हाळ्यात माती कडक झाली की देवगांडुळे ओलाव्याच्या मागे खोल जातात. त्या काळात ती सापडली नाहीत म्हणून नाहीतच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘काहीही सापडले नाही’ हीसुद्धा नोंद आहे आणि ती लिहून ठेवली पाहिजे. हौशी मंडळी नेमकी हीच नोंद गाळतात. दहा ठिकाणी खणून एका ठिकाणी प्राणी मिळाला आणि टिपणात ते एकच ठिकाण लिहिले, तर उरलेल्या नऊ ठिकाणची मेहनत फुकट गेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत देवगांडुळांच्या अनेक जाती वर्षानुवर्षे ‘अपुरी माहिती’ या वर्गात राहिल्या आहेत. प्राणी विपुल असून नजरेस पडत नाही, की खरोखरच नाहीसा होत चालला आहे, हे ठरविता येत नाही, असा त्याचा अर्थ. जो प्राणी नाहीसा होतो आहे की नाही हेच समजत नाही, त्याच्यासाठी कोणी जमीन राखीत नाही आणि कोणी योजनाही आखीत नाही. मावळात गेल्या काही दशकांत डोंगरउतारावरील जमिनींचे तुकडे पाडून यंत्राने सपाटीकरण होत आहे, भातखाचरांच्या जागी बंगले उभे राहत आहेत. यंत्राच्या फाळाखाली काय गेले याची नोंद ठेवण्यास तेथे कोणी उभा नसतो. कुदळीने खणणारा शेतकरी निदान खाली पाहत तरी असतो.

मोजणी

जमिनीखालील प्राणी एकूण किती, हे सर्व जमीन न खणता कसे कळावे? यासाठी खूण करून सोडण्याची युक्ती वापरतात. ती समजण्यास सूपभर वालाचे उदाहरण पुरेसे आहे. सुपातील ४० वाल काढून त्यांस कुंकू लावावे व परत टाकून चांगले मिसळावेत. नंतर न पाहता ५० वाल उचलावेत. त्यांत कुंकू लावलेले १० निघाले, म्हणजे उचललेल्यांपैकी एक-पंचमांश खुणेचे आहेत. सबंध सुपातही हेच प्रमाण असणार. आणि खुणेचे एकूण ४० असल्याने सुपात सुमारे २०० वाल असावेत.

प्राण्यांच्या बाबतीत हे गणित तेव्हाच बरोबर येते, जेव्हा खूण पुसली जात नाही, खुणेमुळे प्राणी मरत नाही, मधल्या काळात बाहेरून नवे प्राणी येत नाहीत आणि सर्व प्राणी सारखेच मिसळतात. देवगांडुळाला पाय नाहीत, कान नाहीत; अंग सदैव ओले. मग खूण करावयाची कोठे? केरळमध्ये ‘गेगेनोफिस रामस्वामी’ या जातीवर मीझी, गोवर, उम्मन व विल्किन्सन यांनी केलेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्वचेखाली अक्षर-अंक असलेली अतिसूक्ष्म पट्टी बसविण्यात आली होती. हे काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. शिवाय प्रत्येक वेळी खणल्याने राहण्याची जागाच मोडते व खूण केलेला प्राणी दुसऱ्यांदा हाती लागणे कठीण जाते. म्हणून गाव पातळीवर खुणांच्या फंदात न पडता खणलेली जागा व मिळालेली संख्या एवढेच काटेकोर ठेवावे.

मावळच्या शेतीतील एक प्रश्न मात्र अशा साध्या मोजणीने सोडविण्याजोगा आहे. येथे भाताची रोपे तयार करण्यापूर्वी शेण, पालापाचोळा व झाडांच्या फांद्या वाफ्यावर पसरून राब भाजण्याची जुनी चाल आहे. राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपे करणारे शेतकरीही आहेत. पावसाला सुरुवात झाल्यावर भाजलेला व न भाजलेला असे शेजारशेजारचे वाफे सारख्या मापाने खणून त्यांतील गांडुळे, वाळवी, बेडूक व देवगांडुळे मोजली, तर राबाच्या जाळाचा मातीतील जीवांवर होणारा परिणाम एका-दोन हंगामांत आकड्यांत मांडता येईल. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने गावकऱ्यांच्या सहकार्याने हे काम अवश्य हाती घ्यावे. वडगाव मावळ येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. इंद्रायणी या भाताच्या जातीमुळे ते सर्वदूर माहीत असल्याने भातशेतीविषयी मार्गदर्शनही जवळच उपलब्ध आहे.

शेतातील उंदीर

लहान वन्य प्राण्यांची पाहणी ही शास्त्रज्ञांची हौस असून शेतकऱ्यास तिचा उपयोग नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यास उंदीर हे उत्तर आहे. ‘उंदीर’ या एका नावाखाली शेतात अनेक जाती वावरतात. लहान घूस बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग करते आणि भाताच्या लोंब्या बिळात साठविते. मऊ केसांचा शेतउंदीर व छोटा शेतउंदीर यांची राहणी निराळी असते. चिचुंद्री तर उंदीरच नव्हे, ती मुख्यतः किडे खाते. सर्वांवर सरसकट विष पेरणे म्हणजे पैसा व प्राणी दोन्ही वाया घालविणे होय.

पुण्याच्या आसपास याचे ठळक उदाहरण आहे. पुणे येथे १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. या केंद्रातील मिश्रा व धांडा यांनी १९७५ साली सिंहगडाच्या माथ्यावरील एका उंदराचे नवी जात म्हणून वर्णन केले आणि कोंढाणा या गडाच्या जुन्या नावावरून त्यास ‘मिलार्डिया कोंडाना’ असे नाव दिले. ही जात अत्यंत धोक्यात असल्याचे मानले जाते. शेतातील मऊ केसांचा उंदीर याच मिलार्डिया कुळातला. एक भाऊबंद पिकाचा चोर, तर दुसरा अगदी थोड्या जागेपुरता उरलेला. दिसावयास दोन्ही उंदीरच.

शेतातील उपद्रव मोजण्याची रीत कोणासही करता येण्याजोगी आहे. संध्याकाळी शेतातील सर्व बिळांची तोंडे चिखलाने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील तेवढीच जिवंत बिळे. तेवढीच मोजावीत व उपाययोजनाही तेवढ्यांवरच करावी. बुजविलेली शंभर बिळे असून वीसच उघडली, असेही घडते. अशा वेळी उरलेल्या ऐंशी बिळांत घालावयाचे विष वाचते आणि त्या बिळांत आश्रय घेतलेले बेडूक, सरडे व साप वाचतात. उपाय केल्यावर हीच मोजणी पुन्हा केली म्हणजे गुण किती आला हे आकड्याने समजते. पीक पोटरीत येण्यापूर्वी व शिवारातील सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी हे करावे, कारण एकट्याच्या शेतातून हटलेले उंदीर शेजाऱ्याच्या बांधात जातात आणि आठवड्याभरात परततात.

गव्हाणी घुबडाची मदत घेऊनही उंदरांची पाहणी होते. हे घुबड भक्ष्य बहुधा सबंध गिळते व न पचलेली हाडे आणि केस गोळ्यांच्या रूपाने ओकून टाकते. पडका वाडा, देवळाचा कळस, जुने कोठार यांच्या खाली असे गोळे पडलेले असतात. तोंडावर फडके बांधून व हातमोजे घालून ते गोळा करावेत, जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवावेत व चिमट्याने हाडे वेगळी करावीत. उंदराचे पुढचे दात छिन्नीसारखे असतात, चिचुंद्रीचे बारीक व अणकुचीदार. जबडे मोजले की त्या शिवारात कोणते प्राणी किती प्रमाणात आहेत याचा अंदाज येतो आणि एकही प्राणी पकडावा लागत नाही. शाळेतील मुलांसाठी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, याहून सोपा क्षेत्राभ्यास क्वचितच असेल.

संशोधक उंदीर पकडतात ते जिवंत राहतील अशा पिंजऱ्यांत. भाजलेल्या शेंगदाण्याचे आमिष लावून पिंजरे संध्याकाळी मांडतात व उजाडताच उचलतात. उशीर झाला तर पावसाने, उन्हाने किंवा मुंग्यांनी प्राणी मरतो. वजन, लांबी व नर-मादी एवढी नोंद करून तो जेथे मिळाला तेथेच सोडतात.

घ्यावयाची काळजी

उभयचरांची त्वचा पातळ असून तिच्यातून पाणी व त्यात विरघळलेली द्रव्ये सहज आत शिरतात. औषधफवारणी केलेला, तंबाखू मळलेला किंवा चुना लागलेला हात देवगांडुळास वा बेडकास लावू नये. हात स्वच्छ पाण्याने धुऊन ओला ठेवावा; शक्य तर प्राणी मूठभर मातीसकट उचलावा. उन्हात ठेवल्यास तो थोड्याच वेळात सुकून मरतो. हाताळल्यानंतरही हात धुवावेत व तोवर डोळ्यांस लावू नयेत. बांधाच्या बिळांत खेकड्यांसाठी दाणेदार कीटकनाशक टाकण्याची सवय काही भागांत होती. त्यांतील फोरेट या औषधावर केंद्र सरकारने २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी घातली आहे. घरात जुना साठा असल्यास तो वापरू नये.

एका ओढ्यातील चिखल दुसऱ्या ओढ्यात नेऊ नये. जगाच्या अनेक भागांत बेडकांचा संहार करणारी एक सूक्ष्म बुरशी सह्याद्रीच्या उत्तर भागातील बेडकांवरही आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून एका जागेची पाहणी संपताच बूट व हत्यारे धुऊन वाळवावीत.

माणसाच्या जिवाची काळजी अर्थातच पहिली. पावसाळ्यात खाचरात उतरताना घोणस, मण्यार, नाग व फुरसे यांचे भान ठेवावे. गमबूट घालावेत, रात्री विजेरी जवळ असावी आणि बिळात हात घालू नये. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठावे. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमांवाटे, लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो. गोचिडांवाटे होणारा क्यासनूर जंगलाचा ताप प्रथम १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा भागात ओळखला गेला. त्याच्या शोधात लहान रानटी प्राणी पकडून तपासण्याचे काम पुण्याच्या विषाणू केंद्राने केले. २०१६ साली हा रोग सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आढळला. रानात काम करून आलेल्या माणसास ताप आल्यास आपण कोठे व काय काम करीत होतो हे त्याने डॉक्टरांस आठवणीने सांगावे.

नोंद कोणी व कोठे करावी

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी परवानगीशिवाय पकडणे, मारणे वा जवळ बाळगणे गुन्हा आहे. कोणता प्राणी कोणत्या अनुसूचीत आहे हे शेतात उभ्या उभ्या ठरविणे सामान्य माणसास शक्य नाही. यास्तव गावकऱ्यांनी प्राणी पकडून बाटलीत भरू नये. खणून पाहणी करणाऱ्या संस्थेजवळ वनखात्याचे परवानगीपत्र आहे की नाही, हे विचारण्याचा ग्रामपंचायतीस अधिकार आहे व तो तिने बजावावा. मात्र शेतीचे काम करताना सहज दिसलेल्या प्राण्याची नोंद करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असून तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ गावी या वह्यांत वड, पिंपळ, मोर, ससा अशी सर्वांस माहीत असलेली नावे भरलेली असतात आणि मातीतील प्राण्यांचे पान कोरे असते. ग्रामकार्यकर्त्याने पावसाळ्यात बांधबंदिस्तीच्या व लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांशी, विशेषतः लावणी करणाऱ्या स्त्रियांशी, बोलून हे पान भरावे. चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या या स्त्रियांस कोणता प्राणी कोठे निघतो हे नेमके ठाऊक असते, पण त्यांस कोणी विचारीत नाही.

नोंदीत तारीख, वेळ, गाव, वाडी व शेताचा गट क्रमांक असावा. प्राणी बांधात, उकिरड्यात की दगडाखाली मिळाला, किती बोटे खोल मिळाला, माती काळी, तांबडी की मुरमाड होती, आदल्या दिवशी पाऊस झाला होता काय, हेही लिहावे. लांबी दोरीने मोजून दोरीस गाठ मारावी व नंतर पट्टीवर पाहावी. मोबाईलवर छायाचित्र घेताना प्राण्याशेजारी नाणे किंवा काडेपेटी ठेवावी, म्हणजे आकाराची कल्पना येते. एक छायाचित्र डोक्याचे, एक शेपटाकडील टोकाचे व एक पोटाकडील बाजूचे असावे. वरून काढलेल्या एकाच चित्रावरून देवगांडुळाची जात ठरत नाही. स्थानिक नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहावे, त्याचे शुद्धलेखन सुधारू नये. कुदळीने मेलेला प्राणी आढळल्यास तो फेकून न देता त्याचेही छायाचित्र घ्यावे व वनरक्षकास कळवावे. परवानगीप्राप्त संस्थेस अशा मृत प्राण्याचाही उपयोग असतो. मात्र तो कोठे व कधी मिळाला हे त्याबरोबर लिहिलेले असले पाहिजे. छायाचित्र घेऊन झाल्यावर जिवंत प्राणी जेथे निघाला त्याच बांधाच्या सावलीच्या बाजूस, सैल ओल्या मातीवर ठेवावा. डोके आत खुपसून तो थोड्याच वेळात दिसेनासा होतो.